वाचक विचारतात : जपानी खाद्यसंस्कृतीचा अभ्यास कोठून सुरू करावा?

क्योतो शहरात विद्यार्थिनी म्हणून काढलेली दोन वर्षे आणि तेथील खाद्यसंस्कृतीचा माझा अभ्यास यांविषयी मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रे बरीच लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी जपानी भाषा शिकत असून येत्या एप्रिलपासून वर्षभरासाठी क्योतोजवळच्या एका विद्यापीठात जाणार आहे. तेथे खाद्यसंस्कृतीवर प्रकल्प करायचा आहे. सुशी, रामेन, उदोन, ओकोनोमियाकी अशी पदार्थांची यादी करायला घेतली, तर ती साठाच्या वर गेली. सुरुवात कोठून करू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ती यादी तूर्त बाजूला ठेवा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. पहिल्या तीन महिन्यांत मीही अशीच एक वही भरली होती. वही भरल्यावर लक्षात आले की, त्यातील प्रत्येक पदार्थाविषयी मला दोन-चार ओळी सांगता येत होत्या, पण एकाचे दुसऱ्याशी नाते काय हे मात्र सांगता येत नव्हते. परक्या मुलखाचे खाणे समजून घ्यायचे असेल, तर एकच जिन्नस हाती धरावा आणि तो नेईल तिकडे जावे. जपानच्या बाबतीत तो जिन्नस म्हणजे दाशी.

दाशी म्हणजे चव उतरवून घेतलेले पाणी. सूप, कालवणे, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस, अंड्याची वळकटी या सगळ्यांच्या बुडाशी तेच असते. मी ज्यांच्या घरी राहत असे त्या आजी रात्री झोपण्यापूर्वी कोम्बूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या जाड पट्टीचा, तळहाताएवढा तुकडा ओल्या फडक्याने हलकेच टिपून पाण्यात टाकून ठेवत. त्यावर पांढरी भुकटी दिसते. ती धुऊन टाकायची नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. सकाळी ते पातेले अगदी मंद आचेवर चढे आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच, उकळी फुटण्याच्या आत, कोम्बू बाहेर निघे, कारण तो उकळला तर पाणी बुळबुळीत होते आणि त्याला उग्र वास येतो. मग आजी रंध्याचे पाते बसवलेली एक लाकडी पेटी पुढे ओढत आणि तिच्यावर कात्सुओबुशीचा तुकडा घासत. कात्सुओ हा आपल्या कुपा माशाच्या कुळातला मासा. त्याचे लांबट तुकडे आधी शिजवतात, काटे काढतात, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धुरवतात आणि उत्तम प्रतीच्या मालाला तर त्यानंतर बुरशी चढवून, उन्हात वाळवून, पुन्हा बुरशी चढवून कित्येक महिने मुरवतात. शेवटी तो इतका कठीण होतो की, दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टिपऱ्या वाजाव्यात तसा आवाज येतो. पेटीच्या खणात त्याचे गुलाबी, कागदाहून पातळ पापुद्रे पडत. ते गरम पाण्यात टाकून, विस्तव बंद करून, मिनिटा-दोन मिनिटांत कापडातून गाळून घेतले की दाशी तयार. कापड पिळायचे नाही. उरलेला कोम्बू आणि पापुद्रे पुन्हा पाण्यात उकळून दुसरी, थोडी भरड दाशी निघते आणि ती मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, घालून केलेल्या सूपला वापरतात. त्यानंतरही उरलेला कोम्बू बारीक चिरून सोया सॉसमध्ये आटवून भाताबरोबर तोंडी लावायला घेतात. पुरणाच्या डाळीचा कट ज्यांच्या घरी कधी वाया गेला नाही आणि ज्यांनी दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी पुरणपोळीइतक्याच आवडीने खाल्ली आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

आता या कोम्बूच्या मागे निघा. तो मुख्यतः उत्तरेकडील होक्काइदोच्या थंड समुद्रात वाढतो. क्योतो तेथून फार दूर, शिवाय समुद्रापासून आत वसलेले. मग क्योतोच्या स्वयंपाकाचा तो कणा कसा झाला? एदो काळात (१६०३-१८६८) आणि मेइजी काळाच्या (१८६८-१९१२) आरंभी जपानी समुद्राच्या किनाऱ्याने कितामाएबुने नावाची मालवाहू गलबते ये-जा करत. होक्काइदोचा कोम्बू, सुके हेरिंग मासे असा माल ती ओसाकापर्यंत आणत आणि परतताना तांदूळ, मीठ, कापूस नेत. काही माल त्सुरुगा बंदरात उतरून बिवा सरोवरातून होड्यांनी क्योतोकडे येई. हाच कोम्बू पुढे दक्षिणेस सात्सुमा संस्थानामार्फत र्‍युक्यू बेटांत, म्हणजे आजच्या ओकिनावात, आणि तेथून चीनपर्यंत गेला. ओकिनावाच्या समुद्रात कोम्बू उगवत नाही, तरीही डुकराच्या मांसाबरोबर परतलेला कोम्बू हा तेथील घरोघरचा पदार्थ आहे. क्योतोचे पाणी मऊ आहे, म्हणजे त्यात खनिजे कमी आहेत, आणि अशा पाण्यात कोम्बूचा अर्क चांगला उतरतो. तोक्योचे पाणी त्या मानाने जड, म्हणून तिकडे कात्सुओबुशीचा जोर अधिक. एका पट्टीच्या निमित्ताने भूगोल, व्यापार, राजकारण आणि विहिरीचे पाणी असे सगळे आपल्या वहीत येईल.

रसायनशास्त्रही येईल. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बूतून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढला आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्याहून निराळ्या असलेल्या त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली कात्सुओबुशीतील इनोसिनेट ओळखले. पुढे अकिरा कुनिनाका यांनी शिताके अळंब्यांतील ग्वानिलेटचा शोध लावला आणि हे पदार्थ ग्लुटामेटच्या जोडीला आले की चव कित्येक पटींनी वाढते हेही दाखवून दिले. आजींना यातले एकही नाव ठाऊक नव्हते, पण कोम्बू आणि कात्सुओबुशी एकत्र का घालायचे हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेले होते.

एक सूचना अगदी कामाची म्हणून देते. जो भेटेल त्याला, 'नव्या वर्षाला तुमच्या घरी झोनी कसे करतात?' असे विचारा. झोनी म्हणजे मोची, अर्थात चिकट तांदूळ कांडून केलेला गोळा, घातलेले सूप. क्योतोत ते पांढऱ्या मिसोचे असते आणि मोची गोल असते. तोक्योत रस निवळ असतो आणि मोची चौकोनी, भाजलेली असते. शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात तर गोड पुरण भरलेली मोची खारट-गोड मिसोच्या रसात सोडतात. ओकिनावात झोनीची परंपराच नाही. 'जपानी खाद्यसंस्कृतीविषयी सांगा' म्हटले की लोक संकोचून गप्प होतात. झोनीविषयी विचारले की आई कोठली, वडील कोठले, लग्नानंतर पहिल्या नव्या वर्षाला कोणाच्या पद्धतीचे झोनी झाले, इथपर्यंत सगळे बाहेर येते. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून आपल्याकडे जे रंगते, तेच.

ओसाकाजवळ सुइता येथे १९७७ साली सुरू झालेले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आपल्या वाटेवरच आहे. तेथे एक पूर्ण दिवस द्या.

प्रश्न : माझा मुलगा पदव्युत्तर शिक्षणासाठी ओसाकाला जात आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. बौद्ध देश असल्याने तेथे शाकाहार सहज मिळेल असे काही जण सांगतात, तर काही जण अगदी उलट सांगतात. खरे काय? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, दोन्हींत तथ्य आहे, पण मुलाने निघण्यापूर्वी दुसरी बाजू नीट समजून घेतलेली बरी.

मांसाहारावरील बंधनांचा इतिहास जपानमध्ये जुना आहे. सम्राट तेम्मू यांनी इ. स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील ठरावीक महिन्यांत खाण्यास बंदी केली. त्यानंतरच्या शतकांत अशा आज्ञा पुन्हा पुन्हा निघाल्या आणि चतुष्पाद प्राण्यांचे मांस खाणे समाजात कमीपणाचे ठरले. ही परंपरा १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा उघडपणे मोडली. परंतु या साऱ्या काळात सर्वसामान्यांना मासा सहसा वर्ज्य नव्हता, आणि आपल्या मुलाची खरी अडचण तीच आहे. जपानीत 'निकू' म्हणजे मांस, आणि सामान्य बोलण्यात त्यात मासा येत नाही.

माझ्याबरोबर शिकणारी एक जैन मुलगी पहिले तीन महिने विद्यापीठाजवळच्या एका छोट्या दुकानात रोज उदोन, म्हणजे रसातल्या गव्हाच्या जाड नूडल्स, खात असे. 'यात निकू नाही ना?' असे तिने विचारले होते आणि दुकान चालवणाऱ्या वृद्ध बाईंनी खरेच उत्तर दिले होते की, नाही. रस कात्सुओबुशीचा आहे हे पुढे कळले तेव्हा ती फार रडली. त्या बाईंना कारण समजल्यावर त्यांनाही तितकेच वाईट वाटले, आणि त्यानंतर त्या तिच्यासाठी कोम्बू आणि वाळवलेली शिताके अळंबी भिजवून वेगळा रस काढून ठेवू लागल्या. चूक कोणाचीच नव्हती. प्रश्न अपुरा होता. म्हणून मुलाला आधीच एक कार्ड करून द्या. मांस, मासे, कात्सुओ-दाशी, कोळंबी, अंडे हे सगळे एकेक करून त्यावर जपानीत लिहिलेले असावे, आणि ते हॉटेलात तोंडी बोलण्यापूर्वी दाखवावे.

पाकिटावरील मजकूर वाचायला शिकणेही अत्यावश्यक आहे. अ‍ॅलर्जीच्या कारणाने अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणा, सोबा (कुट्टू) आणि अक्रोड यांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. मासा त्या बंधनकारक यादीत नाही. त्यामुळे केवळ त्या चौकटीवर विसंबू नये, पूर्ण घटकयादी वाचावी. करीच्या तयार वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते. भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीत आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेले जर्दाळूसारखे फळ, असलेली ओनिगिरी बरीचशी सुरक्षित, तरी तिचेही पाकीट वाचलेले चांगले.

घरी स्वयंपाक करणार असेल तर मात्र चिंता नको. तोफू, साधा मिसो, तीळ, रताळी, मुळा, भोपळा, नाना प्रकारची अळंबी आणि उत्तम तांदूळ कोठेही मिळतात. कोम्बू आणि वाळवलेली शिताके यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते आणि चवीला कमी पडत नाही. वरण-भातासाठी तूरडाळ भारतीय वाणसामानाच्या दुकानांत मिळते. ओसाकाच्या शेजारी कोबे शहरात भारतीयांची जुनी वस्ती आहे, तेथे तर सहज.

आणि पहिल्या सुट्टीत त्याला कोयासान डोंगरावर जायला सांगा. ओसाकाहून रेल्वेने तेथे जाता येते आणि मठांतून मुक्काम करता येतो. जेवण शोजिन-र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतील शाकाहारी. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य; आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांत हे सांगताच ओळख पटते. मला तेथील गोमादोफू विशेष आवडले. नाव तोफूचे असले तरी त्यात सोयाबीन नसते: तीळ बारीक वाटून, गाळून, कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वात सतत घोटत शिजवतात आणि थंड करून त्याच्या वड्या पाडतात. दोगेन या झेन आचार्यांनी १२३७ साली मठातील मुख्य आचाऱ्यासाठी लिहून ठेवलेल्या सूचनांत तांदूळ निवडणे, धुणे आणि पाणी वाया न घालवणे यांना साधनेइतकेच महत्त्व दिले आहे. मठाच्या जेवणघरात बसल्यावर त्या सूचना आजही पाळल्या जात आहेत हे डोळ्यांना दिसते.

प्रश्न : तेंपुरा मुळात पोर्तुगिजांचा, असे ऐकले. मग त्याचा आमच्या गोव्याशी काही संबंध लागतो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : लागतो, आणि तो वाटेचा संबंध आहे. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोहोचले. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमाला उतरले. पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे आणि धर्मप्रसाराचे केंद्र गोवा असल्याने जपानकडे जाणारी माणसे, पत्रे आणि माल यांचा मोठा भाग गोव्यावरूनच जात असे. १५७१ पासून नागासाकी हे त्या व्यापाराचे मुख्य बंदर झाले.

तेंपुरा हे नाव कॅथलिकांच्या 'तेंपोरास' या उपासाच्या दिवसांवरून आले, असे सामान्यतः मानतात. त्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने मासे आणि भाज्या पिठात बुडवून तळत. जपानी लोकांनी पुढे पीठ पातळ केले, पाणी बर्फासारखे थंड घेतले आणि पीठ फार न ढवळण्याची शिस्त लावली. त्यामुळे आपल्या भज्याचे आवरण आणि तेंपुऱ्याचे आवरण यांत आज फार अंतर आहे. पावाला जपानीत 'पान' म्हणतात. तो शब्द आणि आपला 'पाव' हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत. नागासाकीचा कासुतेरा हा अंडी-साखरेचा केकही त्याच काळातला.

मला मात्र यात सर्वांत जवळची वाटते ती कोम्पेइतो ही मिठाई. लुईश फ्रोईश हा पोर्तुगीज धर्मप्रसारक गोव्यात शिकून जपानला गेला होता. त्याने १५६९ साली सत्ताधीश ओदा नोबुनागा याला काचेच्या बरणीतून साखरेचे हे खडे भेट दिले. क्योतोत मी ते तयार होताना पाहिले आणि क्षणभर आपल्या घरी, पौष महिन्यात बसल्यासारखे वाटले. एक भलीमोठी, तिरपी, तापलेली कढई सावकाश फिरत होती, तीत बारीक दाणे खळखळत होते आणि कारागीर त्यांच्यावर पळीने थोडा थोडा पाक शिंपडत होता. पाक सुकला की पुन्हा पळी. दिवसाला दाणा जेमतेम मिलिमीटरभर वाढतो आणि वाढता वाढता त्याला आपोआप काटे फुटतात. पूर्ण आकाराला यायला दोन आठवडे लागतात. कारागिराचे कान कढईकडे असतात, कारण दाणे घरंगळण्याच्या आवाजावरून पाक केव्हा घालायचा हे कळते. संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी केला आहे, त्यांनी मंद शेगडीवर तीळ किंवा खसखस घेऊन, चमच्याने पाक सोडत, बोटांनी दाणे हलवत घालवलेल्या दुपारी आठवून पाहाव्यात. आपण त्या हलव्याचे दागिने नव्या सुनेला आणि लहान बाळाला घालतो. जपानच्या राजघराण्यात शुभप्रसंगी पाहुण्यांना लहानशा नक्षीदार डबीतून कोम्पेइतो देतात.

पोर्तुगिजांना १६३९ साली जपानमधून घालवून देण्यात आले. त्यांचा धर्म लपून राहिला, त्यांची मिठाई मात्र उघडपणे दुकानात राहिली.

प्रश्न : जपानी 'करी' इतकी गोडसर आणि दाट का असते? ती भारतातूनच गेली ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भारतातून थेट नाही, ब्रिटिशांमार्फत गेली. मेइजी काळात पाश्चात्त्य पदार्थ म्हणून ती जपानला पोहोचली आणि १८७२ साली छापलेल्या पाककृतींत तिचा उल्लेख आहे. तयार करी पावडर आणि लोण्यात परतलेला मैदा ही इंग्रजी पद्धत तिच्यात आली, म्हणून ती दाट. पुढे जहाजावर शेकडो माणसांसाठी एका भांड्यात शिजवायला सोपी म्हणून नौदलाने ती उचलली. योकोसुका हे नौदलाचे शहर आजही आपल्या करीचा अभिमान बाळगते. सफरचंद आणि मध घालून ती मुलांच्या आवडीची करणे ही विसाव्या शतकातील तयार वड्यांची करणी.

थेट भारतातून गेलेली करी निराळी, आणि तिच्यामागे एका क्रांतिकारकाचे आयुष्य आहे. रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोहोचले, तेव्हा तोक्योतील शिंजुकू भागातल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना आपल्याकडे लपवले. १९१८ साली बोस यांनी त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी विवाह केला. तोशिको अकाली गेली. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह सुरू केले, तेव्हा बोस यांच्या आग्रहाने हाडांसकट कोंबडी घालून, मसाले परतून केलेली भारतीय करी तेथे मिळू लागली. ती इतर ठिकाणच्या करी-राइसपेक्षा कित्येक पट महाग असूनही चालली आणि आजही त्या ठिकाणी मिळते. आपल्या देशाचे अन्न इंग्रजांच्या रूपात ओळखले जावे हे त्यांना मान्य नव्हते. मी ती थाळी पुढे आली तेव्हा बराच वेळ चमचा उचलू शकले नाही.

प्रश्न : जपानी शाळांतील दुपारच्या जेवणाविषयी थोडक्यात सांगाल का? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे १८८९ साली एका मंदिरातील शाळेत गरीब मुलांना भात, खारवलेला मासा आणि लोणचे देण्यात आले, तेथून ही प्रथा सुरू झाल्याचे मानतात. शालेय भोजनाचा कायदा १९५४ साली झाला आणि अन्नशिक्षणाचा मूलभूत कायदा २००५ साली. आपल्या पोषण आहार योजनेच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वाढणारी मुलेच असतात. पांढरे अ‍ॅप्रन आणि टोपी घातलेल्या पाळीच्या मुलांनी भांडी वर्गात आणायची, सर्वांना सारखे वाढायचे, शिक्षकांनी त्यांच्याबरोबर तेच खायचे, आणि नंतर वर्ग मुलांनीच आवरायचा. आहारतज्ज्ञ त्या दिवशीचा मुळा किंवा मासा कोठून आला हे सांगतात. मी पाहिलेल्या वर्गात एका मुलीने सूप सर्वांना पुरावे म्हणून पातेल्यातली पळी दोनदा मागे घेऊन पुन्हा मोजून वाढले होते. ती असेल सात वर्षांची.

प्रश्न : मला खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करायचा आहे, पण जपानला जाणे आर्थिक दृष्ट्या शक्य नाही. येथे राहून काही करता येईल का? (एक विद्यार्थी, जळगाव; सध्या पुणे)

उत्तर : नक्की करता येईल, आणि जपानमधील अनेक अभ्यासकांना जे पाहायला हजारो किलोमीटर प्रवास करावा लागला, ते आपल्या वसतिगृहात कदाचित पुढच्याच खोलीत असेल.

नात्तो हा जपानी पदार्थ आपण ऐकला असेल. उकडलेले सोयाबीन बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूने आंबवतात. ते चिकट होते, तार सुटते आणि त्याला तीव्र वास येतो. पूर्वी ते भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवत. पेंढा आधी उकळत्या पाण्यातून काढत, त्यामुळे इतर बहुतेक जंतू मरत, पण या जिवाणूचे बीजाणू उकळते पाणी सोसून टिकत आणि गरम सोयाबीनवर वाढत. शास्त्र ठाऊक नसताना साधलेली ही निवड मला विलक्षण वाटते.

आता आपल्या ईशान्य भारताकडे पाहा. नागालँडमधील सुमी लोकांचे आखुनी, मणिपूरचे हवाइजार, मेघालयातील खासी लोकांचे तुंग्रिम्बाइ आणि सिक्कीम, दार्जिलिंग व नेपाळमधील किनेमा हे सगळे उकडून आंबवलेले सोयाबीनच. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ सासुके नाकाओ यांनी १९७० च्या दशकात जपान, हिमालय आणि जावा या तीन टोकांमध्ये आंबवलेल्या सोयाबीनचा एक त्रिकोण मांडला. उत्तर थायलंडचे थुआ नाओ त्याच पट्ट्यात येते, आणि कोरियाचे चोंगुकजांगही याच गोतातले. नाती अशी दूरवर पसरलेली असली तरी प्रत्येक घराची पद्धत वेगळी. नात्तो गरम भातावर घालून कच्चेच खातात. आखुनी मिरची आणि मांसाबरोबर शिजवतात. हवाइजार चटणीत आणि कालवणात पडते. किनेमाची भाजी भाताबरोबर खातात.

आणखी एक धागा सुक्या माशाचा. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आणि मालदीवमध्ये कात्सुओ हाच मासा शिजवून, धुरवून, उन्हात कडक वाळवतात आणि त्याचे तुकडे कालवणात घालतात. बुरशी चढवण्याची पायरी तेथे नाही, बाकीची रीत पुष्कळशी कात्सुओबुशीचीच. कोकणातील सुकट, सोडे आणि बोंबील यांचा चवीसाठी होणारा वापर, म्हणजे मूठभर सोड्यांनी पातेलेभर वांग्याच्या भाजीला येणारी गोडी, याची नोंद आपण पुण्यात बसून आठवडाभरात करू शकाल. दाशीविषयी मी वर जे लिहिले आहे ते हाती ठेवून ती नोंद करा, म्हणजे काय विचारायचे हे सुचत जाईल.

पुण्यात ईशान्येकडील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यांना आखुनी किंवा हवाइजार शिजवताना वासावरून शेजाऱ्यांचे आणि घरमालकांचे बरेच बोल ऐकून घ्यावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे एखादा अनोळखी मनुष्य वही घेऊन दाराशी आला, तर त्यांना प्रथम संकोच वाटेल. आधी ओळख करून घ्या, सण कधी आहे ते विचारा, बोलावले तर काही फळे घेऊन जा आणि पुढे आलेले अन्न खा. वही त्या दिवशी उघडू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत एवढेच विचारा की, घरी सोयाबीन कोणत्या पानात बांधत. नागा घरांत बहुधा केळीची किंवा जंगलातली रुंद पाने येतील, मणिपूरमध्ये उंबराच्या जातीच्या झाडाची, सिक्कीमकडे नेच्याची. पान कोणी तोडून आणत असे, टोपली चुलीपासून किती अंतरावर ठेवत, आणि झाले हे वासावरून कोण सांगत असे, हे त्या मागोमाग येईल.